नुसती हुबी रहा, आई

"ताप हाय. या रविवारी नको, पुढच्या रविवारी." आमच्या चौघांच्या ग्रुपवर दिन्याचा आलेला हा शेवटचा मेसेज. त्याखाली मी रागावलेलं तोंड टाकलं, संतोषने "मुकादम, औषध घ्या" असं लिहिलं आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो. शुक्रवारी सकाळी ऑफिसमध्ये एका बंगल्याच्या जिन्याचं ड्रॉइंग करत असताना महाडहून इम्तियाजचा फोन आला. इम्तियाजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, दुकान उघडायच्या वेळेला तो सख्ख्या भावालाही फोन करत नाही. "अश्विनी, जरा बसून घे कुठंतरी," तो म्हणाला. मी बसलेलीच होते, तरी उठून उभी राहिले. का ते मला आजही सांगता येत नाही.

दिन्या म्हणजे दिनेश, पोलादपूरला मोटार रिवाइंडिंग करणारा. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, जे जळेल ते त्याच्याकडे यायचं. वडील लवकर गेले, घरात तो आणि त्याची आई. उमरठच्या बाजूला थोडं भात लावायचे. यंदाही लावणीला उतरला, पायाला कुठेतरी पत्र्याने कापलं होतं, तसाच चिखलात उभा राहिला, आणि मग ताप. लावणीनंतरचा तो लेप्टोचा ताप आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण स्वतःला आला की प्रत्येकाला तो साधाच वाटतो. दोन गोळ्या घेतल्या, अंग दुखतंय म्हणून शेकून घेतलं, आणि महाडला नेलं तेव्हा उशीर झाला होता. मला दिन्याचा राग येतो, अजून येतो. जगातल्या प्रत्येक वस्तूत काय बिघडलंय हे कानाने ओळखणारा माणूस, स्वतःच्या अंगाचं ऐकायला काय झालं होतं रे तुला?

आमची चौघांची गाठ महाडला कॉलेजात पडली. मी महाडची, इम्तियाज महाडचा, दिन्या पोलादपूरहून एसटीने यायचा आणि संतोष त्याच्याही वर डोंगरातल्या वाडीतून. एका सायबर कॅफेत एक जुनं मशीन होतं, त्यावर तलवारी-कुऱ्हाडी घेऊन राक्षस कापत जायचा एक गेम होता. कापाकापी म्हणायचो आम्ही त्याला. एकाच कीबोर्डवर दोघं आणि मागे दोघं आरडाओरडा करायला. मी पोरांमध्ये एकटी मुलगी म्हणून मला कुणी सवलत दिली असेल असं वाटत असेल तर विसरा. उलट मीच सगळ्यांत पुढे पळायचे. पुढे माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला गेले, संतोष नालासोपाऱ्याला, पण गणपतीला आणि शिमग्याला सगळे गावी आलो की दिन्याच्या घरी टीव्हीला त्याचं मशीन जोडून बैठक ठरलेली. बाकीच्या वर्षात रविवारी चार वाजता, ज्याच्या त्याच्या घरून, ऑनलाइन.

एका शिमग्याला इम्तियाजने एक नवा गेम आणला होता. दिसायला देखणा, पण ज्याने आधी पेटी उघडली माल त्याचा, आणि जो मागे राहिला तो मागेच. मी सुसाट सुटले. सगळ्या पेट्या मी उघडल्या, सगळी हत्यारं मी घेतली आणि संतोष बिचारा लाकडी दांडका घेऊन कुठल्याशा दलदलीत दर मिनिटाला मरत राहिला. शेवटी त्याने कंट्रोलर खाली ठेवला, चप्पल घातली आणि डोंगर चढून घरी गेला. नंतर गणपतीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. म्हणजे बघा, लग्न झालेली, नोकरी करणारी माणसं आम्ही! त्या दिवसापासून गेम शोधायचं काम दिन्याने स्वतःकडे घेतलं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर एवढंच म्हणाला, "माझ्यानं भांडणं बघवत नाय गो."

आणि त्याने शोधायचे म्हणजे काय शोधायचे! गुंडाळलेल्या तारेला वॉर्निश लावून ते वाळेपर्यंत दुकानात काम नसायचं. तेवढ्या वेळात मोबाइलवर आवाज बंद करून तो कोण कुठली परदेशी पोरं खेळताना बघत बसायचा. ती काय बोलतात ते त्याला ऐकायचंच नव्हतं. ती एकमेकांसाठी थांबतात का, एवढंच बघायचं होतं. त्याच्या अटी ठरलेल्या होत्या. एकाला सोनं मिळालं की चौघांना मिळालं पाहिजे, त्यावर वाद नको. पडलेल्या माणसाला दुसऱ्याने जाऊन हात देऊन उठवता आलं पाहिजे. जिथे मेला तो पहिल्यापासून सुरू, तसला गेम तो दारातूनच परत पाठवायचा. आणि सगळ्यात मोठी अट पडद्याची. काही गेममध्ये चौघं एकाच पडद्यावर असतात, आणि एक जण मागे राहिला की पडदा पुढे सरकतच नाही. पुढच्याने कितीही धक्के मारले तरी तो कडेला आपटत राहतो. मला असल्या गेमचा वैताग यायचा. दिन्याला नेमके तेच हवे असायचे. आठवड्याच्या शेवटी ग्रुपवर निकाल यायचा. "चालंल." नाहीतर "नको. एकटा पळतो."

हा निकाल तो देतो कसा, ते मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. एकदा अचानक त्याच्या घरी गेले तर काकी, म्हणजे दिन्याची आई, टीव्हीसमोर पाटावर बसलेली. मांडीवर वाल सोलायचं ताट, आणि ताटात चक्क एक कंट्रोलर. दिन्या तिला सांगत होता, "आई, तू काय करू नको. नुसती हुबी रहा." काकीने कंट्रोलर दोन बोटांनी धरला होता, आमटीत पडलेली माशी धरावी तसा. दिन्या पुढे गेला, गेला, आणि त्याचा तो कुऱ्हाडवाला पडद्याच्या कडेला अडकला. "बघ, थांबला!" तो लहान पोरासारखा ओरडला. काकी म्हणाली, "मग? थांबंल नाय तर काय, आईला टाकून जाईल?" असे किती गेम या बाईने नुसतं उभं राहून पास-नापास केले असतील! तेव्हा मी पोट धरून हसले होते.

गेममधल्या त्याच्या कुऱ्हाडवाल्याचं नाव मुकादम. संतोषने ठेवलेलं, कारण कुठल्याही दाराशी आलो की हा थांबायचा, मागे वळायचा आणि विचारायचा, "आले काय सगळे?" चौघंही समोर पडद्यावर दिसत असायचे. तरी विचारायचा. मी चिडून म्हणायचे, "आंधळा आहेस का रे?" तो हसायचा. पुढच्या दाराला पुन्हा तेच.

शेवटचा गेम आम्ही मागच्या शिमग्यापासून खेळत होतो. एका डोंगराच्या पोटात उतरायचं, अंधारात सात मजले खाली जायचं आणि तळाच्या राक्षसाला मारून पलीकडून बाहेर पडायचं. तळाच्या दारापाशी पोचलो होतो आणि ते दार गणपतीत, एका खोलीत बसूनच उघडायचं असं ठरलं होतं. अशा गेमचं एक असतं... जो सुरू करतो त्याच्याच मशीनवर ते सगळं जग राहतं. आम्ही नेहमी दिन्यालाच सुरू करायला लावायचो. त्यामुळे तो गेल्यावर आमच्या तिघांकडे त्यातलं काहीच नव्हतं. सगळं त्या पोलादपूरच्या खोलीत.

तेराव्याला गेलो होतो. जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा काकीने मला आत बोलावलं. टीव्हीवर कापड टाकलेलं होतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "अश्विनी, तो त्या दाराशी हुबा हाय ना गो? मला दाखवलान होता. काळोखात हाय." तिने कापडाची चुणी सरळ केली. "त्याला तितंच ठेवणार काय तुमी?"

मी बाहेर आले. रस्त्यावर संतोष म्हणाला, "गणपतीत येऊन संपवूया." मी त्याच्यावर अशी काही ओरडले की समोरचा टपरीवाला बघायला लागला. संपवूया म्हणे! संपवलं की संपलं ना रे सगळं. जोवर तो दाराशी उभा आहे तोवर निदान कुठेतरी उभा तरी आहे. माझं म्हणणं एवढंच होतं आणि ते मला धड सांगताही येत नव्हतं. इम्तियाज मधे पडला, "अगं, आपल्याला काय वाटतं ते राहू दे. त्या माऊलीला झोप लागत नसेल." पण मी हो म्हटलं नाही.

गणपतीला माहेरी महाडला आले. आमच्या घरी आरती, मोदक, पाहुणे, आणि माझं कशात लक्ष नाही. शेवटी इम्तियाजच्या स्कूटरवर मागे बसून पोलादपूर गाठलं, संतोषही वाडीतून उतरून आला. दिन्याच्या घरी दर वर्षी मखरासाठी जागा करायची म्हणून टीव्ही मागच्या खोलीत हलवायचा, ते काम आम्हा चौघांचं असायचं. टीव्हीचं एक टोक मी धरायचे आणि दर वर्षी माझं बोट चेमटायचं. यंदा घरात दुखवटा, गणपती नाही. टीव्ही होता तिथेच होता, कोपरा मोकळा. तो मोकळा कोपरा बघून मी दारातच रडले. त्या दिवसांत मी तोवर रडले नव्हते.

काकीने कापड काढलं. दिन्याच्या कंट्रोलरला त्याने मोटारीच्या वेटोळ्याला बांधायची पांढरी सुती टेप गुंडाळली होती, हाताच्या घामाने काळपट झालेली. आवाज बंद ठेवला. दुखवट्याच्या घरातून तलवारींचा खणखणाट ऐकून शेजारी काय म्हणतील, ही काळजी आम्हाला. काकीला नव्हती. गेम सुरू झाला तर मुकादम दाराशी, पाठमोरा, कुऱ्हाड खांद्यावर. मी म्हटलं, "याला कोण चालवणार?" खरं तर तिघंही आत जाऊ शकलो असतो, गेम जेवढे असतील तेवढ्यांतच भागवतो. पण कुणी बटण दाबेना. तेव्हा काकी पाटावर बसली आणि तो टेपवाला कंट्रोलर उचलून म्हणाली, "द्या हिकडं. मला नुसतं हुबं राहता येतं. चालायचं कसं तेवढं सांगा."

चालायचं कसं ते संतोषने सांगितलं. मुकादम भिंतीला धडकत, गोल गोल फिरत दारातून आत गेला. मग जी काही लढाई झाली! राक्षसाने नुसता श्वास सोडला की मुकादम आडवा. मी धावत जाऊन त्याला उठवायचे. पुन्हा आडवा, मग इम्तियाज उठवायचा. आम्ही हरलो, पुन्हा आत गेलो, पुन्हा हरलो. काकी दर वेळी "अगो बाय, पडला!" म्हणायची आणि आम्ही तिघं सगळं टाकून त्याच्याकडे पळायचो. मारण्यापेक्षा उठवण्यातच दुपार गेली. शेवटी कसा कोण जाणे, राक्षस कोसळला. डोंगराच्या पलीकडच्या दारातून उजेड आला आणि चौघं बाहेर गवतात उभे राहिले.

"भायेर आला ना?" काकीने विचारलं.

"आला, काकी."

"मग च्या टाकते," म्हणाली आणि उठली.

मला वाटलं होतं आता मोठी पोकळी वाटेल, घरी जाऊन मी आजारी पडेन. तसलं काही झालं नाही. पुढच्या रविवारी चार वाजता काकीचाच फोन. "आज काय नाय काय गो तुमचा?" मी चाट पडले. म्हणजे आता नवा गेम शोधायला हवा होता, आणि आमच्यातल्या एकानेही आयुष्यात कधी शोधला नव्हता. आयतं ताट समोर यायचं ना! तेव्हा कळलं दिन्या काय करत होता. शेकड्याने गेम आहेत, सगळ्यांवर लिहिलेलं असतं मित्रांबरोबर खेळा म्हणून, आणि उघडून बघावं तर शर्यत. सगळे पुढे पळायला शिकवणारे. मी, जी आयुष्यभर पुढे पळाले, ती आता जेवणाच्या सुट्टीत आवाज बंद करून बघत बसते, कुणी कुणासाठी थांबतंय का.

गेल्या रविवारी, नवरात्रात, एक सापडलाय असं वाटलं म्हणून सकाळची एसटी पकडून पोलादपूरला गेले. ग्रुपवर काही लिहिलं नाही. नापास झाला तर संतोष महिनाभर चिडवेल. काकी घेवडा मोडत होती. मी गेम लावला, टेपवाला कंट्रोलर तिच्या ताटात ठेवला. त्या टेपला अजून वॉर्निशचा वास येतो.

"काकी, काही करू नका. नुसत्या उभ्या रहा."

"हुबी हाय गो," ती शेंगा मोडता मोडता म्हणाली. "जा तू फुडं."

मी पुढे गेले. पूल ओलांडला, जोर लावून पळाले... आणि कडेला जाऊन आपटले. पडदा हलला नाही.

मी मोबाइल काढला आणि ग्रुपवर लिहिलं, "चालंल."