नानांचं 'बियाँड रिपेअर'

महिना झाला. अंबाजोगाईला कॉलेजात प्रॅक्टिकल चालू होतं, आईचा फोन आला, "नाना गेले गं..." आणि मला पहिलं काय आठवलं असेल? माझं ते रील. सांगायलाच पाहिजे.

नाना म्हणजे माझे मोठे चुलते. निम्मं आयुष्य बोअर पाडायच्या गाडीवर. तिथल्या एका इंजिनिअर साहेबाकडून त्यांनी दोन इंग्रजी शब्द उचलले, 'बियाँड रिपेअर'. म्हणजे काही केल्या आता दुरुस्त व्हायचं न्हाई. चहा उतू गेला, बियाँड रिपेअर. मी केस कापून आले, बियाँड रिपेअर! मी त्याचं रील केलं, गावभर फिरलं, आणि पोरं नानांना बघितलं की तेच ओरडायला लागली.

मग दुष्काळ पडला. नांदूरघाटजवळच्या आमच्या गावात पाण्याला सोसायटीची एकच विहीर उरलेली, तीत गुडघाभर पाणी. सभेत ठरलं, तळाला सुरुंग लावून खोल करायची. नाना उठले. "तळाचा खडक फोडू नका. पाणी जाईल ते बियाँड रिपेअर जाईल." अख्खी सभा हसली... मीपण. मागून कोणीतरी म्हणलं, "नाना, परत एकदा म्हणा, व्हिडिओ काढतो!" नानांनी माझ्याकडं बघितलं आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी भोकं पाडायला कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर आला, तर तळात नाना! पाण्यात दगडावर बसलेले. सोसायटीचे चेअरमन आबा वाकून ओरडले, "नाना, वर या! डोकं फिरलं का?"

"हासा की आता."

"आवो, कशापायी आडवताय ते तरी सांगा!"

"आबा, हा खडक रांजणाचं बूड हाय. बूड फोडून रांजण मोठा होतो का?"

ट्रॅक्टरचं इंजन धडधडतंय, मी कठड्याला धरून उभी... आणि नाना हलंनात. लई वेळानं आबाच म्हणले, "बंद कर बे मशीन."

सुरुंगाऐवजी सगळ्यांनी मिळून गाळ काढला. विहीर पावसापर्यंत पुरली. मशीन परत गेलं त्याच दिवशी मी रील डिलीट करायला घेतलं तर नाना म्हणले, "राहू दे गं. फक्त मी लई हडकुळा दिसायलोय त्यात."

रोज सकाळी नाना गाठींचा दोर विहिरीत सोडून पाणी मोजायचे. गावी असले की आता मी सोडते. परवा गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'तीन गाठी भिजल्या.' आबांचं लगेच उत्तर, 'तळ तसाच हाय ना?'

हाय, आबा.