न धुतलेली जर्सी

कपडे धुवायच्या पावडरचा वास आला की मला सौदीतल्या राबिघचा कॅम्प आठवतो. तिथल्या रिफायनरीत असताना माझा रूममेट अर्जेंटिनाचा होता, वेल्डिंग इन्स्पेक्टर. त्याच्या कपाटात फुटबॉलची एक कळकट, पट्ट्यापट्ट्यांची जर्सी लटकलेली असायची. गोदी कामगारांनी काढलेला त्यांचा क्लब अख्ख्या दक्षिण अमेरिकेचा कप एकदाच जिंकला होता, हे तो मला रोज ऐकवायचा. इतक्या वर्षांनी क्लब पुन्हा फायनलला पोचला, तेव्हा शुभकार्याला स्वच्छ कपडे हवेत या आपल्या सवयीने मी, तो ड्युटीवर असताना, ती जर्सी मशीनमध्ये टाकली. मॅच त्याने साइटवरच फोनवर पाहिली आणि सकाळी पडलेल्या चेहऱ्याने परतला. मी घडी घातलेली जर्सी पुढे केली, म्हटलं, "माझ्यामुळे हरलात की काय?" तो हसला. "हरायला आम्हाला तुझी पावडर लागत नाही." मग त्याने जर्सी नाकाशी नेली आणि कॉलर उलटून पुन्हा हुंगली. "कप जिंकला त्या दिवशी बापाच्या अंगात हीच होती. शेवटपर्यंत त्याने ती धुऊ दिली नाही." पुढे माझे वडील गेल्यावर मी गावाहून आणलेला त्यांचा सदरा परवा बायकोने धुवायला घेतला, आणि मी तो तिच्या हातातून अक्षरशः हिसकावला.