कुसुमच्या फोनमधलं नागाव

कुसुम गेली, हे मला तिच्याच फोनवरून कळलं. सकाळी तिचं नाव दिसलं म्हणून मी, काय गं, आज इतक्या लवकर, असं खेकसलेच; तर पलीकडे हेमंत, तिचा मुलगा. पुण्याहून सुट्टीला आला होता. आई झोपेतच गेली म्हणाला... तिने शेवटचा फोन मला केलेला, म्हणून माझं नाव त्याला आधी सापडलं. आता महिना होऊन गेला, पण तिची आठवण आली की रडू येण्याआधी हसू येतं. त्याला इलाज नाही, बाई होतीच तशी.

आमची मैत्री शाळेपासूनची. लग्नानंतर ती नागावला, मी चौलला. यजमान गेल्यावर तिने नारळ-सुपारीच्या वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आणि सगळं एकटीने चालवलं. हेमंत पुण्यात, जीव इकडे टांगलेला. गेल्या पावसाळ्यात त्याने तिचा फोन ‘सोपा’ करून दिला. मोठमोठी चार बटणं, पहिलं त्याचं. बाकी सगळी माणसं अकारविल्हे यादीत. हे जमलं नाही तर मात्र पुण्याला यायचं, असं बजावून गेला. मला ती व्यवस्था फार आवडली. माझाही फोन तसलाच. आला तर घ्यायचा, वाटलं तर लावायचा, त्याला नटवायचं काय?

पण कुसुमला यादीत कोणी सापडेना. एकदा पाहुण्यांसाठी मासळीवाल्या जनाला फोन लावला आणि समोरचा काय बोलतोय ते न ऐकताच पापलेटं साफ करून पाठवायला सांगितलं. यादीत जनाच्या खाली जोशी गुरुजी. ते शांतपणे म्हणाले, "पाठवली असती, पण आज चतुर्थी आहे." गावभर हशा झाला, तो पुण्यापर्यंत पोचला, आणि हेमंतने तिकडच्या घरात आईसाठी खोली रंगवायला काढली. वाडी सोडून फ्लॅटमध्ये राहायचं या धास्तीने कुसुमला जेवण जाईना.

मग एका दुपारी मला बोलावून तिने फोन पुढे केला. ती चार बटणं गायब. सगळीकडे माणसांचे फोटो, ज्याच्यावर बोट ठेवावं त्याला फोन लागे; पण कसेही विखुरलेले, अधेमधे रिकाम्या जागा. मी म्हटलं, हा काय पसारा मांडलास? तर म्हणाली, "नलू, माणसं यादीत राहत नाहीत गं. कुठेतरी राहतात." डावीकडे समुद्र, म्हणून तिथे जना. वर अलिबाग, म्हणून डॉक्टर. उजवीकडे रस्ता, तिथे रिक्षावाला. त्याच्या अलीकडे नारळ पाडणारा शेजारचा गणपत. खाली चौल, तिथे मी. माझ्यावर रुसली की मला सरळ डावीकडे ढकलायची आणि वर फोन करून सांगायची, आज तुला समुद्रात बुडवलीय.

दिवाळीत हेमंत आला तो तिला न्यायलाच. तिने चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, विचार आता. तो नाव घेई, ही बोट ठेवी. एकदाही चुकली नाही. गणपत तर फोन न उचलता कुंपणापलीकडूनच ओरडला, "काय हाय काकी?" हेमंत हसत सुटला आणि भाऊबीज झाल्यावर एकटाच परत गेला. ती शेवटपर्यंत आपल्या घरात राहिली, याचं मला फार बरं वाटतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तो ओटीवर तिचा फोन घेऊन बसला होता. सगळ्यांना कळवून झालं होतं, तरी बोट फिरवतच होता. शेवटी हळूच म्हणाला, "मावशी, मी यात कुठेच नाही. पुण्याच्या बाजूला केव्हापासून शोधतोय."

"मधे बघ," मी म्हटलं.

मधोमध घराच्या दाराचा फोटो होता. शोभेला लावला असेल, असं समजून त्याने त्याला हातच लावला नव्हता. आता लावला, आणि त्याच्याच खिशातला फोन वाजायला लागला. नोकरीसाठी गाव सोडून त्याला किती वर्षं झाली... आईने त्याला घरातून हलवलंच नव्हतं.