घटापुढं मांडलेलं धनुष्य

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी दचकायला नको. ह्या गोष्टीतला पहिला राग मोबाइलच्या पडद्यावर आला. आमच्या कॉलेजातले खेळाचे सर मैदानाच्या कडंला लिंबाखाली उभे राहून मला एका कारागिराची धनुष्यं दाखवत होते. अस्सल लाकडाची, मुठीला चामडं लावलेली, ज्याच्या त्याच्या मापाची. "हाताचं माप पाठवायचं, कोणत्या हातानं ओढतेस ते कळवायचं, चार महिन्यांनी घरपोच," सर म्हणाले. मी किंमत विचारली. चाळीस हजार. "सर, एवढ्या पैशात शेळ्या घेतल्या तर आम्हाला अंगणात झोपावं लागंल," मी म्हणाले. सर हसले. मी नाही हसले.

आमचं गाव वडवणीपासून एसटीनं अर्ध्या तासावर आणि कॉलेज बीडला. आई-वडील बरीच वर्षं ऊसतोडीला जायचे. आईची कंबर गेली तेव्हा दोघांनी कोयता ठेवला, आता दोन एकर कोरडवाहू रान आणि शेळ्या. धनुर्विद्येशी आमच्या सात पिढ्यांचा संबंध नव्हता. मी कॉलेजात गेले, सरांनी हातात धनुष्य दिलं आणि पहिल्याच दिवशी मला कळलं की हे सोडायचं नाही. अडचण एकच होती. मी डावरी. लिहिते डाव्यानं, जेवायला बसले की आईचा हात डोक्यात पडायचा तोही ह्याच कारणानं, आणि दोरीही ओढते डाव्यानं.

आम्ही खेळतो त्या प्रकारात धनुष्य लाकडाचं नाहीतर बांबूचंच लागतं, बाकी काही चालत नाही. कॉलेजात दोन होती, दोन्ही उजव्यांसाठी. बाण टेकवायला मुठीजवळ एका बाजूला छोटी पायरी कोरलेली असते, ती माझ्यासाठी नेमकी उलट्या अंगाला. मी दोन वर्षं त्या उलट धनुष्यानं खेळले. बाण हातावरून घसरायचा, मी चिडायचे, सर म्हणायचे शांत हो. दुकानातली तयार धनुष्यं पाच-सहा हजारांत मिळायची, पण तीही सगळी उजव्यांची. डावं हवं तर मापानं बनवून घ्या, म्हणजे पुन्हा ते चाळीस हजार. आणि मी शेवटच्या वर्षाला आले होते. विद्यापीठाच्या संघात चार मुली घेणार होते. त्या चारांत आले तर पुढं खेळणार, नाही आले तर कॉलेज संपलं, मैदान संपलं, कॉलेजचे बाण कॉलेजच्या कपाटात. घरी स्थळांच्या गोष्टी सुरू झाल्याच होत्या.

आधी मी शहाणपणा केला. मोबाइलवर बघून पाण्याच्या पाइपाचं धनुष्य केलं, निदान घरी सराव तरी होईल म्हणून. चुलीवर शेकून पाइप वाकवला, दोरी बांधली, सकाळी दहा बाण झकास गेले. मे महिना होता. दुपारी बारा वाजता पाइप असा मऊ पडला की दोरी लोंबायला लागली. आई दारात बसून बघत होती. "बाई बाई बाई, हे तर तुझ्या बापासारखं हाय, ऊन लागलं की आडवं," ती म्हणाली. आतून वडील खोकले.

मग मी आठवडी बाजारात सुपं-टोपल्या विकणाऱ्या मामाकडं गेले. मामा म्हणजे नात्याचा नाही, सगळा बाजार त्याला मामाच म्हणतो. आयुष्य बांबूत गेलेला माणूस. मी किंमत सांगितल्यावर त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. "चाळीस हजार? लाकूड हाय का सोनं?" मग म्हणाला, "माझ्याकडं भरीव बांबू हाय. हिवाळ्यात अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, त्याला कीड लागत न्हाई. पाच महिने सावलीत वाळलाय. लाठीसाठी ठिवला होता, पर लाठ्या काय, लई झाल्या."

त्यानं पैसे घेतले ते बांबूचे आणि वर चहाचे. आठ दिवस मी त्याच्या अंगणात बसले. बांबूची पाठ, म्हणजे वरची चकचकीत साल, तिला विळा लावायचा नाही. सगळं तासायचं ते पोटाकडून. एक हात मारायचा, वाकवून बघायचं, दुसरा हात मारायचा. मी घाई केली की मामा विळा काढून घ्यायचा. बांबूच्या धनुष्याला पायरीच नसते, बाण मुठीवरच टेकायचा, त्यामुळं ते डावं ना उजवं. कापूस मोजायच्या लटकत्या काट्याला दोरी अडकवून ओढली तर चौदा किलो ताण भरला. मला हवा होता तेवढाच. पन्नास मीटरवर बाण सरळ जायला लागले. सरांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "आता तू ह्यावरच खेळ, कोण काय म्हणतं ते बघू." मी त्या रात्री पोटभर जेवले.

आता माझी चूक. भाद्रपद सरता सरता कॉलेजची परीक्षा आली. होस्टेलची खोली गळत होती म्हणून मी धनुष्य गावी नेलं, दोरी उतरवून खुंट्यांवर आडवं ठेवलं. आईला बजावलं, ऊन लागू देऊ नकोस, शेळ्यांच्या तोंडी येऊ देऊ नकोस, कुणाला हात लावू देऊ नकोस. दोरी चढवून ठेवायची नाही, हे सांगायचं राहिलं. मला वाटलंच नाही की सांगावं लागेल. ती दोरी चढवायला मला गुडघा लावून दमछाक व्हायची, दुसरं कोण चढवणार?

परीक्षा संपवून अष्टमीला घरी आले. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी निवड चाचणी होती. घरात घट बसलेले, धान हिरवंगार उगवलेलं, आईचे नऊ दिवसांचे उपास. घटाशेजारी कोयते मांडलेले, विळे मांडलेले, आणि त्यांच्या मधोमध माझं धनुष्य. हळद-कुंकू लावलेलं. झेंडूची माळ घातलेली. दोरी चढवलेली. घटावर रोज पाणी शिंपडायचं, ते त्याच्यावरही पडलेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माय, हे कावून केलं? दोरी कुणी चढवली?"

"म्या चढवली," आई म्हणाली. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई ती, कंबर गेली तरी हात तेच. "पयल्या माळंलाच चढवली. आगं, देवीच्या हातातलं धनुष्य कवा बिनदोरीचं बघितलंस का? दोरी उतरवलेलं देवापुढं मांडायचं म्हंजी रिकामं ताट वाढल्यावानी. तुझं चांगलं व्हावं म्हणून मांडलं."

मी पुढं झाले. ती घटाच्या आणि माझ्यामध्ये उभी राहिली. घट उठेपर्यंत मांडलेलं काही हलवायचं नाही, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं. "हलवलंस तर माझे आठ दिवस पाण्यात गेले," ती म्हणाली. नुसत्या भगरीवर आठ दिवस काढलेली बाई, ओठ सुकलेले. मी हात मागं घेतला. पण तोंड नाही मागं घेतलं. म्हणाले, "तुझ्या देवीनं माझं वर्ष खाल्लं." आई वळली आणि घटावर पाणी शिंपडायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दसऱ्याला घट उठले तशी मी दोरी उतरवली. धनुष्य सरळ झालंच नाही. चांगलं चार बोटं वाकलेलं राहिलं. बांबू म्हणजे माणसाची पाठच, ताणून ताणून ठेवला की वाकतो आणि मग त्याच वाकण्याची त्याला सवय होते. काट्याला लावलं तर दहा किलो. पडीक रानात नेऊन पन्नास पावलांवर बाण सोडले, सगळे लक्ष्याच्या अलीकडं मातीत. मी बांधावर बसून मनसोक्त रडले. नाक पुसलं आणि सरांना फोन लावला. सर म्हणाले, शिक्षक मिळून वर्गणी काढू, ते मापाचं धनुष्य मागवू. "सर, ते चार महिन्यांनी येणार, चाचणी पाच दिवसांवर आहे," मी म्हणाले. पैसे असते तरी उपयोग नव्हता, हे स्वतःच्याच तोंडून ऐकून का कोण जाणे, माझं डोकं ताळ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी धनुष्य घेऊन मामाकडं निघाले. आई चपला घालून मागं आली. मी नको म्हणाले नाही, ये म्हणाले नाही.

मामानं वाकलेलं धनुष्य पाहिलं, वरचं कुंकू पाहिलं आणि आईकडं न बघता म्हणाला, "देवापुढं नऊ दिवस उभं व्हतं तर. दमणारच." मग मला दोरी ओढल्यासारखा हात करायला लावला आणि सुतळीनं माप घेतलं. माझे हात आखूड. "हे म्या माझ्या उंचीच्या हिशोबानं केलं व्हतं," तो म्हणाला. "तुला येवढं लांब लागतच न्हाई. दोन्ही टोकं वीत वीत कापली तर ताण वाढंल. पर आखूड धनुष्याला जास्त वाकावं लागतं. टिकलं तर टिकलं."

"मग कापा ना, मामा."

"मी न्हाई. तुझं हाय, तू काप. मला सुपं इणायचीत."

त्यानं करवतीचं पातं पुढं केलं. मी बसले आणि पातं नुसतंच बांबूवर टेकवून ठेवलं. एकदा कापलं की जोडता येत नाही. तेवढ्यात आई समोर मांडी घालून बसली, धनुष्य मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी असं आवळून धरलं की ते तसूभर हललं नसतं. "काप," ती म्हणाली. "तुटलं तर?" मी विचारलं. "तुटलं तर म्या दुसरा बांबू तासते तुझ्यासाठी. उपाशी ऱ्हाऊन तुझं वाटोळं करायला न्हवते बसले म्या." मी मान खाली घालून कापायला लागले. म्हणाले, "माय, मी बोलले ते चुकलं." ती म्हणाली, "आधी सरळ काप."

दोरीसाठी दोन्हीकडं नव्या खाचा पाडल्या, दोरी आखूड केली. पहिल्यांदा ओढली तेव्हा टिक् असा आवाज आला. तुटलं नाही. काट्यावर साडेबारा. चौदा नाही, पण दहाही नाही. उरलेल्या चार दिवसांत मी नेम नव्यानं शिकले. बाण लक्ष्याच्या वर हातभर धरायचा, मग तो बरोबर उतरायचा. मामानं सांगितलं, प्रत्येक फेरीनंतर दोरी उतरव, त्याला दम खाऊ दे. हे मी ऐकलं. आईनंही ऐकलं.

चाचणीला ती माझ्याबरोबर आली. मैदानात एका मुलीकडं ते मापाचं, पॉलिश केलेलं धनुष्य होतं. मी मागितलं तर तिनं हसून हातात दिलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू! माझं वाकडं, कुंकवाचा लाल डाग मुरलेलं बांबूचं धनुष्य पाहून दोघीतिघी हसल्या. मी त्यांच्याकडं बघितलं तशा गप्प झाल्या. सांगितलं ना, मला राग लवकर येतो.

तीस मीटरला बरी गेले. पन्नासला पहिल्या फेरीत दोन बाण वाया गेले. दर फेरीनंतर मी बाण काढायला जायचे, आणि परत येईपर्यंत आईनं दोरी उतरवलेली असायची. धनुष्य मांडीवर आडवं घेऊन, पदर टाकून सावलीत धरून बसलेली. माझा नंबर आला की उठायची, पायात टोक अडकवायची आणि एका दमात दोरी चढवून द्यायची. पंच टकामका बघत होते. माझे हात त्यामुळं ताजे राहिले. शेवटच्या फेरीचे सगळे बाण लक्ष्याला लागले, एकही मातीत नाही.

नावं वाचली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं माझं. मी वळून आईला हाक मारली. तिनं काही ऐकलंच नव्हतं. ती खाली वाकून दोरी उतरवत होती.

यंदा मी खुल्या गटात खेळते. धनुष्य दुसरं आहे, मीच तासलेलं. मामानं फक्त दोनदा विळा हिसकावून घेतला. घटस्थापनेला आईनं कोयते मांडले, विळे मांडले, आणि माझ्याकडून धनुष्य मागून घेतलं. दोरी उतरवून, गुंडाळून, शेजारी ठेवली. धनुष्य आडवं निजवलं, पाण्याच्या शिंतोड्यांपासून लांब. शेजारची काकू दर्शनाला आली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. "आगं बाई, देवापुढं बिनदोरीचं? देवीचं तर चढवलेलं असतं की!"

आईनं घटावर पाणी शिंपडलं. "देवीची लढाई ह्याच नऊ दिवसांत हाय," ती म्हणाली. "माझ्या लेकीची अजून हुयाचीय."