पाथर्डीच्या मोटारीतला पहिला प्रवासी

“बसा मास्तर, निगालीच!” सरकून जागा करून देत तो हे अशा खात्रीनं म्हणायचा, की माणूस निमूट बसे. नगरच्या मोटार अड्ड्यावर, पाथर्डीच्या सर्व्हिस मोटारीत, खिडकीशी मांडीवर गाठोडं घेऊन हा गृहस्थ सगळ्यांच्या आधी हजर असायचा. धुतलेला फेटा, कपाळाला आठ्या, आणि मधूनमधून ड्रायव्हरवर ओरडणं, “आरं सोड की गाडी! पाथर्डीला लेक आजारी हाय माजी. मला घाई हाय!”

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडली होती आणि तिच्या गॅसवर मोटार चालत होती. चालत होती, हे मालकाचं म्हणणं. सुटण्याची वेळ विचारणं असभ्य समजलं जाई. गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही, आणि रिकाम्या गाडीत कोणी बसत नाही म्हणून ती भरायची नाही. मालकानं त्यावर काढलेला तोडगा म्हणजे हा गृहस्थ. त्याला रोजावर ठेवला होता तो नुसता बसण्यासाठी. शेवटचं गिऱ्हाईक आलं की त्यानं हळूच उतरायचं आणि मागच्या गाडीत जाऊन पुन्हा घाईत असायचं.

तुम्ही कामसू माणसं पुष्कळ पाहिली असतील. पण जन्मभर मोटारीत बसूनही मोटारीनं नगरला लागून असलेल्या केडगावलासुद्धा न गेलेला माणूस मी तरी हा एकच पाहिला.

हे सगळं माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी खवचटपणे विचारलं, “काय, लेकीचं कसं आहे?”

तो ओशाळून हसला. “लेक खरीच हाय मास्तर, पाथर्डीलाच दिलीय. लगीन झाल्यापास्नं भेट न्हाई. गाडी भरंस्तवर निगत न्हाई, आन् भरली की मलाच उतरावं लागतं. जानार कसा?”

एका शनिवारी मात्र तो ओरडत नव्हता. फेटा कसाबसा गुंडाळलेला. मालक दिसताच त्यानं हात जोडले. “मालक, आज जाऊ द्या मला. सांगावा आलाय. लेक खरंच आजारी हाय. लई आजारी हाय.” त्याचे डोळे भरून आले होते.

मालक खूश झाला. “वा! आज लई झ्याक जमलं. रोज असंच म्हनत जा!”

तेवढ्यात एक कापडवाला शेठ आला आणि क्लीनरनं सवयीनं आमच्या ह्या गृहस्थाचं गाठोडं खाली ठेवलं. मी मालकाला म्हटलं, “अहो, तो खरं बोलतोय.”

“मास्तर, तुमीबी फसला व्हय?”

गाठोडं उचलून तो माझ्या खिडकीशी आला. “मीच रोज बोलून बोलून आजारी पाडली तिला,” एवढंच म्हणाला आणि पाथर्डीच्या रस्त्याला लागला. मला फार वाईट वाटलं. जागा द्यायला मी खाली उतरेपर्यंत तो दिसेनासा झाला होता. वाटेत गाठूच, म्हणून मी परत बसलो. गाडी आता भरली होती, पण भट्टी पेटेना.

लेक वाचली, हे आधीच सांगून टाकतो. उगाच तुमच्या जिवाला घोर नको. तिनं बापाला परत पाठवलंच नाही. पुढे सरकारी गाड्या आल्या आणि रिकाम्याही वेळेवर सुटू लागल्या, तेव्हा त्याच्या धंद्यातलं कोणीच उरलं नाही. मला आठवतो तो त्या दिवशीचा करंजी घाट.

उन्हं उतरताना पायथ्याशी मोटारीनं नेहमीप्रमाणे मान टाकली. प्रवाशांनी उतरून ढकलायचं, हे तिकिटातच आलं. शेठसकट आम्ही सगळे मागं लागलो. पाहतो तर वरच्या चढावर तोच, फेटा धुळीनं माखलेला, सकाळपासून पायी चाललेला.

ड्रायव्हरला आता कुठं खरं वाटलं असावं. तो ओरडला, “अरं ये, बस वर! निगालीच गाडी!”

त्यानं मागं वळून मोटारीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं.

“नको,” तो म्हणाला. “मला घाई हाय.”

आणि वळणाआड गेला. आम्ही ढकलत होतो.