हातमोज्याचे दोन तुकडे

माझ्या हातांना काय झालंय, हे डॉक्टर सोडून सगळ्यांना माहीत होतं. समोरच्या घरातली म्हणाली, उष्णता. नणंदेने फोनवरूनच पित्त ठरवलं आणि वांगं, शेंगदाणे, दही बंद करायला लावलं. नवरा टेम्पो घेऊन पिंपळगावला द्राक्षं भरायला जातो. तिथे त्याला कुणीतरी सांगितलं, हे भांड्यांच्या साबणाचं काम. मी वांगं सोडलं, दाणे सोडले, भांडी सासूबाईंवर सोपवली. बोटांच्या बेचक्यांतली खाज मात्र मला सोडेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. वांग्याचा यात काडीचा दोष नव्हता, आणि तेवढ्या दिवसांचं भरीत मला अजून कुणी परत दिलेलं नाही.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. भुवया, फेशियल, सगळं करते, पण पार्लर चालतं ते केसांच्या कलरवर. मला स्वतःलाही तेच काम आवडायचं. भुवया कोरून होईपर्यंत बाई डोळे मिटून ओठ दाबून बसते. कलर लावायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ती सुनेपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगून मोकळी होते.

हातांची सालपटं निघायला लागली, सांध्यांवर चिरा पडल्या, त्यातून पाणी सुटायला लागलं. कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाइकं माझ्या हातांकडे बघायला लागली. एकीने तर तोंडावरच विचारलं, "हे लागण होण्यातलं नाही ना?" नाही म्हटलं, तरी ती परत आली नाही. हात गेले की पार्लर गेलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. बाईच होत्या, माझ्यापेक्षा लहान. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "केसांच्या डायचा संशय येतो. काळ्या रंगात एक रसायन असतं. बऱ्याच जणांना त्याची ॲलर्जी होते."

मला राग आला. म्हटलं, "मॅडम, मी कलरला उघडा हात कधी लावत नाही. हातमोजे घालते. झालंच असेल तर त्या रबराचं झालं असेल."

"असेलही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तपासायचं. रोज वापरता त्या सगळ्या वस्तू आणा. हातमोजेसुद्धा."

टेस्ट अशी होती, की प्रत्येक पदार्थाचा थोडासा अंश पाठीवर चिकटवायचा, दोन दिवस तसाच ठेवायचा, मग काढून बघायचं आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. जिथे कातडी लाल होईल तो चोर. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, खाजवायचं नाही.

घरी येऊन हे सांगितलं आणि सासूबाईंचा चेहराच उतरला. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आमच्यात तशीच पद्धत आहे. त्या निफाडकडच्या खेड्यातल्या, आयुष्यभर पहाटे अंघोळ करून देवाला फूल वाहिल्याशिवाय त्यांनी चहासुद्धा घेतलेला नाही. "म्हंजी चार दिवस पारोशी राहणार तू?" त्या म्हणाल्या. "त्या डॉक्टरीनबाईला घरात देव हाय का नाय?"

पाठ सोडून बाकी अंग ओल्या फडक्याने पुसलं तर चालतं, असं मी सांगितलं. ते त्यांच्या लेखी अंघोळीत बसत नव्हतं. चार दिवस मी देवघरात आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. मला तर बरंच झालं.

पिशवी भरताना मी पाकिटातला एक नवा हातमोजा काढला. आत्याबाईंनी तो माझ्या हातातून घेतला. "नवाकोरा कशाला कापायला देते? हा घे की," म्हणत मागच्या गॅलरीतल्या दोरीवरून त्यांनी एक वाळलेला मोजा आणला. ते खातं त्यांचंच होतं. मी कलर करून मोजे काढून टाकले की त्या ते नळाखाली धुवायच्या, उलटे करून आतूनही धुवायच्या, आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांच्या शेजारी चिमटा लावून वाळत घालायच्या. एक जोडी फाटेपर्यंत चालायची. पार्लरमधलं त्यांना दुसरं काही जमत नव्हतं, आणि केस रंगवणं त्यांना पटतही नव्हतं. डोक्याला डांबर फासतात, म्हणायच्या. पण मोज्यांचं काम त्यांनी कधी चुकवलं नाही. वाद नको म्हणून मी दोन्ही मोजे पिशवीत टाकले.

डॉक्टरांनी दोन्हींचे नखाएवढे तुकडे कापले, आतली बाजू अंगाला लागेल असे पाठीवर चिकटवले. बाकी पट्ट्यांमध्ये शाम्पू, ब्लीच, साबण, आणि त्यांच्याकडचं ते काळ्या रंगातलं रसायन मलमात कालवलेलं. पुढचे दोन दिवस मी पालथी झोपले. दुसऱ्या दिवशी पाठीवर एका जागी अशी खाज सुटली, की दाराच्या चौकटीला पाठ घासावीशी वाटत होती. आत्याबाई लांबून पदराने वारा घालत होत्या.

पट्ट्या काढल्या तेव्हा, आणि पुन्हा दोन दिवसांनी, डॉक्टरांनी माझ्या पाठीचा फोटो काढून मोबाईलवर दाखवला. शाम्पू साफ, ब्लीच साफ, साबण साफ. रसायनाच्या जागी बारीक फोडांचा लालभडक चट्टा. नव्या मोज्याच्या जागी काहीच नाही. आणि धुतलेल्या मोज्याच्या जागी, अगदी शेजारी, तसाच लाल ठिपका.

"रबराची ॲलर्जी असती तर नव्यालाही लाल झालं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "हा दुसरा मोजा कुठून आला?"

मी सांगितलं. धुणं, उलटं करणं, वाळवणं, पुन्हा घालणं. सांगता सांगताच मला समजलं. रंगाचं पाणी आतल्या बाजूला जात होतं, तिथेच वाळत होतं. वरून मी तो मोजा घालून, घामेजल्या हाताने तासन्‌तास काम करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"एकदा वापरून टाकायचे असतात हो ते," डॉक्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ही ॲलर्जी आता जायची नाही. हात बरे होतील, पण कलरचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मोजे घालूनसुद्धा तुम्ही नको."

रिक्षातून येताना मी रडले, आणि घर येईस्तोवर रडण्याचा संताप झाला. चप्पल न काढता गॅलरीत गेले, दोरीवरचे मोजे ओढून आत्याबाईंच्या पुढ्यात टाकले. म्हटलं, "माझे हात तुमच्या काटकसरीने खाल्ले. रोग धुऊन, वाळवून देत होता तुम्ही मला."

त्या गव्हातले खडे निवडत होत्या. "मला वाटलं, तुला तेवढाच हातभार," एवढंच म्हणाल्या. पुढे मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्या खडे निवडत राहिल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून मी अबोला धरला.

आमच्या घराण्यात अबोला सगळ्यांना जमतो, पण माझ्याइतका कुणाला नाही. जेवण वाढायचं, औषध द्यायचं, बोलायचं नाही. कलरसाठी येणाऱ्या बायकांना मी दारातूनच परत पाठवत होते. आत्याबाई आतून ऐकत होत्या. एका दुपारी माझी जुनी गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आल्या. त्यांनाही नाही म्हणाले, तेव्हा आत्याबाई पदर खोचून बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाल्या, "तिला म्हणावं, माझे हात हायेत ना. कसं लावायचं ते दाखव म्हणावं."

मी बाईंना म्हटलं, "त्यांना सांगा, आधी दोघींच्या कानामागे लावून बघायचं. खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. आजवर मीही कुणाला सांगितलं नव्हतं."

आत्याबाईंनी कापसाच्या काडीने बाईंच्या आणि स्वतःच्या कानामागे रंगाचा ठिपका लावला. दोन दिवस त्या कानाला पाणी लागू न देता त्यांनी कशी अंघोळ केली ते देव जाणे, पण केली. सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर येऊन, मान वाकवून, केस वर धरून उभ्या राहायच्या. मी मोबाईलची बॅटरी लावून बघायची. बोलायची नाही.

दोघींचेही कान साफ निघाले. बाई खुर्चीत बसल्या, आत्याबाई नवे मोजे घालून मागे उभ्या राहिल्या, आणि मी दोन हात लांब. "त्यांना सांगा, भांग मधोमध पाडा." "त्यांना सांगा, मुळापासून लावा, वरवर नको." बाई आरशात एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत निरोप पोचवत होत्या. आत्याबाईंचा हात सावकाश चालत होता, पण एक पांढरा केस सुटत नव्हता.

अर्धं डोकं झालं असेल, तेवढ्यात आत्याबाईंचं नाक खाजलं. रंगाने भरलेला हात त्यांनी सवयीने वर नेला. आता यांचंही कातडं जायचं, एवढंच मनात आलं.

"आत्याबाई! तोंडाला हात लावू नका!"

त्यांचा हात हवेतच थांबला. बाई आरशात हसल्या. आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बोललीस बाई एकदाची," त्या म्हणाल्या. "मग आता नाक तूच खाजव. जीव चाललाय माझा."

मी पुढे झाले आणि चिरा पडलेल्या बोटांनी त्यांचं नाक खाजवलं.