मागची सीट

बाबांच्या सायकलला इंजिन होतं. भंगारात निघालेल्या एका मोपेडचं इंजिन त्यांनी सायकलच्या सांगाड्यात बसवलं होतं आणि त्याची वेगळी चेन मागच्या चाकाला जोडली होती. ते कुकटपल्लीच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते आणि आम्ही राहायचो अंबरपेठला. बस बदलत जाण्यायेण्यात जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून हा खटाटोप. ती सायकल फार पळत नसे, पण बाबांना घाई नव्हती.

तेव्हा गल्लीत हप्त्यावर नव्या स्कूटर येऊ लागल्या होत्या. आमच्या घरीही स्कूटर घेण्याचं बोलणं चाले. मग आईच्या गर्भाशयात गाठ निघाली आणि ते बोलणं थांबलं.

तिला दुपारी रेडिएशनचा शेक द्यायला दवाखान्यात न्यावं लागे. ऑटोत बसली की खड्ड्यागणिक ती पोट धरून वाकायची. एके दिवशी ती बाबांना म्हणाली, "नक्को मला ऑटो. तुमच्या मागं बसते. निदान धरायला माणूस तरी असेल."

बाबांना फोरमननं लवकर सुटायची परवानगी दिली, पण कुकटपल्लीहून त्या सायकलवर वेळेत पोचणं जमेना. मग त्यांनी मागचं दातेरी चाक काढून कमी दात्यांचं बसवलं, कार्बोरेटर खोलून धुतला. आता चढावर पायडल मारावे लागत, पण सपाट रस्त्यावर सायकल वाऱ्यासारखी निघायची. वेग वाढला तसं हँडल थरथरू लागलं. ब्रेक मात्र साध्या सायकलचेच होते, चाकाच्या कडेवर घासणारे रबरी तुकडे.

एकदा दवाखान्यातून परतताना नल्लाकुंट्याजवळ पुढची बस अचानक थांबली. बाबांनी ब्रेक दाबले, ते लागलेच नाहीत. त्यांनी दोन्ही पाय रस्त्यावर घासत सायकल कशीबशी थांबवली. घरी आले तेव्हा त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि पाऊल सोललं होतं. मी हळद लावत होते. आई खाटेवर टेकून बघत होती.

"माझं सोडा," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला काही झालं तर या पोरीला कोण बघणार? ब्रेक नीट करा आधी."



दुसऱ्या दिवशी बाबा गौलीगुड्याला जुन्या पार्टांच्या दुकानांत गेले आणि ड्रमब्रेक असलेला मोपेडचा, पुढचं चाक धरणारा फोर्क घेऊन आले. जाड तारांची चाकं बसवली. मग कॅरिअर काढून तिथं पाठ टेकायला दांडा असलेली सीट लावली, साडी चाकात जाऊ नये म्हणून बाजूला जाळी ठोकली. आईला घेऊन निघाले की ते इतकं सावकाश चालवायचे की साध्या सायकली पुढं निघून जायच्या. वेग फक्त कारखान्यातून घरी येताना.

तरी हादरे बसायचेच. "सीटखाली स्प्रिंग टाकतो," बाबा म्हणत होते. तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं, "आता यांना आणू नका. घरीच आराम करू द्या." बाबांनी ते आईला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायची वेळ झाली आणि ते "साडी बदल" म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी ते स्प्रिंगा घेऊन आले. मला त्यांचा राग आला. आता कशासाठी, असं विचारणार होते, पण आईनं हातानंच मला गप्प केलं. तिनं खाट दाराशी ओढायला लावली आणि काम बघत बसली. मधूनच "जरा खाली घ्या, पाय टेकणार नाहीत," असं सांगायची. बाबा "हौ" म्हणून नट सैल करायचे.

काम झालं तेव्हा आम्ही दोघांनी तिला उचलून सीटवर बसवलं. सायकल स्टँडवर होती, इंजिन बंद. तिनं दांड्याला पाठ टेकली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान झालीय," ती म्हणाली. "आता उतरवा."

त्या सीटवर ती पुन्हा बसली नाही. दिवाळीआधी गेली.

तेरावं झाल्यावर मी कॉलेजला निघाले, तर बाबा म्हणाले, "चल, कोठीच्या चौकापर्यंत सोडतो." मी मागं बसले. रस्ता खोदून ठेवलेला होता. सायकल खड्ड्यांतून जात होती आणि मला काहीच लागत नव्हतं. इतकी मऊ सीट होती ती. मी बाबांच्या पाठीआड तोंड दाबून रडले.

"हादरा बसतोय का गं?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"नाही बाबा."

"बरं."

दुसऱ्या दिवसापासून मी बसनं जायला लागले. का, ते त्यांनी विचारलं नाही.